पालीहून पोवळ्यांकडे

बीडजवळच्या पालीच्या बिंदुसरा धरणातलं पाणी अरबी समुद्राला कधीच भेटत नाही. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा मांजरथजवळ गोदावरीला, आणि गोदावरी सगळं घेऊन बंगालच्या उपसागराकडे जाते. पालीच्या माणसाला जिवंत पोवळी बघायची असतील तर त्याला नदीची वाट सोडून डांबरी वाट धरावी लागते. मांजरसुंबा, चौसाळा, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर, मग घाट उतरून मालवण. ही वाट आता आपल्या भागातली पुष्कळ माणसं धरतात. दिवाळीनंतर बीडकडच्या गाड्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर दिसतात. पोरं बोटीत बसतात, कोणीतरी तोंडात नळी देतं, आणि पाच मिनिटांत ‘पाणी गेलं, पाणी गेलं’ करत वर येतात. पैसे गेले याचं दुःख नाही. खाली जे होतं ते दिसलंच नाही, याचं वाटतं.

त्यात आता पाण्याखालच्या स्कूटरची भर पडली आहे. दोन्ही हातांनी धरायचं, बटण दाबलं की माणसाला ओढत नेणारं हे विजेवरचं यंत्र आहे. मालदीव, हवाई अशा ठिकाणी वाटाड्याबरोबर अशी स्कूटर घेऊन प्रवाळांवरून फेरी मारणं रुळलेलं आहे, आणि आपल्याकडच्या जलपर्यटनातही ती येऊ लागली आहे. मोबाइलवर चित्रफिती बघून मुलं विचारतात, “काका, हे चालवायला पोहता यावं लागतं का?” उत्तर आहे, हो. पण त्याच्याही आधी श्वास घेता यावा लागतो. म्हणून स्कूटरकडे जाण्याआधी मास्क आणि नळीपाशी थोडं थांबू.

आपल्याकडे पोहणं विहिरीत शिकतात. पाठीला वाळलेला भोपळा, रिकामा डबा नाहीतर ट्यूब बांधायची, आणि वरून कोणीतरी ढकलायचं. त्यातून तयार झालेला माणूस पाण्याला भीत नाही, हा फार मोठा लाभ आहे. पण विहीर दोन सवयी लावते आणि समुद्रात दोन्ही नडतात. एक, डोकं वर काढून श्वास घ्यायचा. दुसरी, जागच्या जागी उभं राहून पाय हाणत तरंगायचं. स्नॉर्कलिंगमध्ये, म्हणजे मास्क-नळी लावून पोहताना, तोंड सतत पाण्यात असतं आणि अंग आडवं. डोकं वर काढलं की कंबर खाली जाते, कंबर खाली गेली की पाय खाली जातात, आणि पायाखाली पोवळं असेल तर ते मोडतं. पट्टीचा पोहणाराही सुरुवातीला इथे चुकतो. ज्याला पोहणं बेताचंच येतं, तो कधी कधी सांगितलेलं जास्त चांगलं ऐकतो.

मास्क लागतो, कारण आपला डोळा हवेसाठी घडलेला आहे. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं मोठं काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा करतो, आणि ते तो हवा व पडदा यांच्यातल्या फरकाच्या जोरावर करतो. डोळा उघडा ठेवून पाण्यात गेलं की हा फरक जवळजवळ संपतो, म्हणून सगळं धूसर दिसतं. मास्क डोळ्यापुढे हवेची एक पोकळी ठेवतो आणि दृष्टी परत देतो. मात्र काचेतून येताना प्रकाश वळतोच. त्यामुळे पाण्यातली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि पाऊण अंतरावर असल्यासारखी दिसते. पाणी गढूळ असेल तर उलटंही होतं. धुरकट दिसणारा खडक मनाला लांबचा वाटतो आणि एकदम समोर येतो. पायांनी पोहताना याने फारसं बिघडत नाही, स्कूटर हातात असताना बिघडतं.

मास्क चेहऱ्याला बसतो की नाही हे पट्टा न लावता बघायचं. कपाळावरचे केस मागे सारायचे, मास्क तोंडावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास ओढायचा आणि हात सोडायचे. मास्क चिकटून राहिला तर तो आपला. घसरला तर दुसरा मागायचा. पट्टा करकचून आवळल्याने गळणारा मास्क बंद होत नाही, उलट कड दुमडते आणि जास्त गळतो. मिशा असतील तर नाकाखालून थेंब थेंब पाणी येणारच. मिशीच्या वरच्या कडेला सिलिकॉनचं ग्रीस बोटभर लावलं की बरंच थांबतं. बीडच्या माणसाने या कामासाठी मिशी उतरवायची गरज नाही. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून मास्क समुद्राच्या पाण्यात बुडवतात. किळस येत असेल तर लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंबही चालतो. मास्कमध्ये पाणी आलंच, तर वरची कड कपाळाशी दाबून धरायची, मान किंचित वर करायची आणि नाकाने श्वास सोडायचा. आत आलेली हवा पाण्याला खालून बाहेर ढकलते. ही एक गोष्ट कमरेइतक्या पाण्यात चार-पाच वेळा केली की भीतीचा मोठा भाग तिथेच गळून पडतो.

आता नळी. स्नॉर्कल हातभरही लांब नसते, चाळीस सेंटिमीटरच्या आतबाहेर. ती लांब का नाही करत, हा प्रश्न विहिरीवरच्या प्रत्येक पोराने कधी ना कधी विचारलेला असतो. पपईचा देठ किंवा पाइपाचा तुकडा घेऊन तळाशी बसायचा बेत आपल्यापैकी अनेकांनी केला आहे. तो बेत दोन कारणांनी फसतो. माणूस एक मीटर खाली असेल तर छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा शंभर ग्रॅम जादा भार असतो, आणि नळीतली हवा मात्र वरच्याच दाबाची असते. संपूर्ण छातीवरचा तो भार रेटून श्वास आत ओढणं फासळ्यांच्या स्नायूंना फार वेळ जमत नाही.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. आपण साधा श्वास घेतो तो सुमारे ५०० मिलिलिटरचा. त्यातले १५० तर घसा आणि श्वासनलिकेतच राहतात, फुप्फुसाच्या कामाला येत नाहीत. स्नॉर्कलची पोकळी आणखी शंभर-सव्वाशे मिलिलिटरची. म्हणजे घाबरून कोणी ३०० मिलिलिटरचे उथळ, भराभर श्वास घेऊ लागला, तर प्रत्येक श्वासात त्याला ताजी हवा मिळते जेमतेम २५ ते ५० मिलिलिटर. बाकी सगळी त्याचीच सोडलेली, कार्बन डायऑक्साइडने भरलेली. मग धाप लागते, धापेने श्वास आणखी उथळ होतो, आणि नळी धड असतानाही माणूस ती तोंडातून उपटून फेकतो. त्याने लिटरभराचा एक संथ श्वास घेतला असता, तर सातशेहून जास्त मिलिलिटर ताजी हवा मिळाली असती. स्नॉर्कलिंगचं सगळं शिक्षण या हिशेबात आहे. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. नळीत पाणी शिरलं तर एक जोरदार फुंकर, आणि पुढचा श्वास जपून.

संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क बाजारात मिळतात. ते सोपे वाटतात, कारण तोंडात काही धरावं लागत नाही. स्कूटरबरोबर ते नकोत असं माझं स्पष्ट मत आहे. आतली पोकळी मोठी, शिळी हवा साठण्याची शक्यता जास्त, नाक चिमटीत धरता येत नाही, आणि अडचण आली तर तोंडातून नळी थुंकून टाकण्याइतक्या सहज ते काढता येत नाहीत.

एवढं जमलं की स्कूटर. तिचं आतलं काम समजायला पालीच्या माणसाला वेगळं शिकावं लागणार नाही. बोअरमध्ये सोडलेली पाणबुडी मोटार आपण रोज बघतो. मोटार पाण्यात बुडालेली, वीज आत, पाणी बाहेर, दोघांमध्ये सील, आणि फिरणारा पंखा पाण्याला रेटतो. ती मोटार पाइपाला आणि दोराला बांधलेली असते म्हणून जागची हलत नाही आणि पाणी वर येतं. स्कूटर कशालाच बांधलेली नसते. ती पाणी मागे फेकते आणि तेवढ्याच जोराने स्वतः पुढे जाते, पाठोपाठ तिला धरलेला माणूसही. पाणबुडी मोटार भोवतीच्या पाण्याने थंड राहते आणि कोरडी चालवली तर जळते, तसंच इथेही. बोटीवर ‘चालते का बघू’ म्हणून स्कूटर हवेत फिरवत ठेवायची नसते.

फरक विजेचा आहे. इथे केबल नाही, पोटात लिथियम-आयन बॅटरी आहे. ती अर्धा तास ते तासभर चालते, आणि किती चालते हे वेगावर ठरतं. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा चौपट होतो आणि मोटारीला लागणारी शक्ती आठपट. म्हणजे ताशी ३ किलोमीटरने जाणाऱ्याने ६ चा हट्ट धरला तर बॅटरी हिशेबाने आठपट लवकर रिकामी होते आणि एकूण कापलेलं अंतर चौथाईवर येतं. म्हणून जाणते वाटाडे यंत्र खालच्या वेगावरच लावून देतात. पायात फिन्स, म्हणजे रबरी पंख, घालून सामान्य माणूस तासाला एक-दोन किलोमीटर जातो, स्कूटर तीन ते पाच नेते. मोटारसायकलवरच्या आपल्याला हा वेग हास्यास्पद वाटेल. पाण्यात तोंड घालून बघा, डोळ्यांखालून खडक सरकताना तो पुरेसा असतो.

एक पंखा असलेलं यंत्र हातांना थोडा पीळ देतं, कारण पंखा एका बाजूला फिरला की बाकीचं धड दुसऱ्या बाजूला फिरायला बघतं. दोन पंखे उलटसुलट फिरणारे असले की हा पीळ एकमेकांत जिरतो. पंख्यापुढे जाळी असते. तिच्यातून बोट जात नाही, पण मोकळे केस, लाइफ जॅकेटची लोंबती नाडी, गळ्यातला गोफ, ओढणी हे सगळं जाऊ शकतं. केस बांधायचे, नाड्या आत खोचायच्या, गळ्यातलं काढून ठेवायचं. आणखी एक गोष्ट अशी की, समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. सहा लिटर जागा व्यापणाऱ्या स्कूटरला समुद्रात दीडशे ग्रॅम जास्त उचल मिळते. म्हणून समुद्रात अलगद तरंगणारं यंत्र बिंदुसरेच्या पाण्यात हळूहळू तळाला जाऊ शकतं. धरणात सराव करायची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर तरंगता ठोकळा बांधल्याशिवाय यंत्र पाण्यात सोडू नये. आणि धरणाच्या गाळात, खोल पाण्यात एकट्याने तर मुळीच उतरू नये. मास्क आणि नळीचा सराव मात्र गावातल्या पायऱ्यांच्या विहिरीत, काठावर जाणतं माणूस उभं करून, अगदी छान होतो.

स्कूटर चालवणं म्हणजे बरंचसं स्वतःला मोकळं सोडणं. हात पुढे लांब, कोपर किंचित सैल, डोळे पुढे आणि खाली, पाय जुळवून मागे. दोन्ही मुठींशी एकेक बटण असतं. बऱ्याच यंत्रांत दोन्ही दाबली तरच पंखा फिरतो आणि एक सोडलं की थांबतो. ही सोय मुद्दाम केलेली आहे. घाबरलेला माणूस हात सोडतो, आणि हात सुटले की यंत्र थांबलंच पाहिजे. ते वाहून जाऊ नये म्हणून मनगटाला किंवा जॅकेटला दोरी असते. वळायचं तर मनगटं वळवायची, अंग आपोआप मागे येतं. वेगात असताना मान झटक्याने बाजूला वळवू नये. पाण्याचा झोत मास्कच्या कडेवर येतो आणि ती उचलली जाते. नळीही वाकते. ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे आधी यंत्र वळवायचं, मग मान.

आणि मग बटण सोडायचं. मला या सगळ्या खटाटोपात सांगण्यासारखी एक गोष्ट वाटते ती हीच. स्कूटर पोहोचण्यासाठी आहे, बघण्यासाठी नाही. मोटारीची घरघर पाण्यात लांबवर जाते. ती जवळ आली की मासे कपारीत सरकतात. जो माणूस अर्धा तास बटण दाबून फिरतो, त्याला खडकांची पाठ दिसते. जो शंभर मीटर जाऊन यंत्र बंद करतो, हातपाय सोडून तरंगत राहतो, त्याच्यासमोर दोन-तीन मिनिटांत खालचं जग परत कामाला लागतं. आधी पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले छोटे मासे येतात, मग फटीतून काहीतरी डोकावतं, मग ज्याला दगड समजलो होतो त्याच्यावरची नक्षी दिसायला लागते. स्कूटरने वाचवलेला दम या थांबण्यासाठी वापरायचा असतो. वयस्क माणसांना, गुडघे दुखणाऱ्यांना, पायात जोर कमी असलेल्यांना या यंत्राचा खरा उपयोग इथे आहे. ती दमून न जाता पोवळ्यांपर्यंत पोहोचतात आणि शांत श्वासाने बघू शकतात.

खाली जे दिसतं ते काय असतं? पोवळं हा प्राणी आहे. ज्याला आपण एक दगड म्हणतो, तो हजारो इवल्या जीवांचा वाडा असतो. प्रत्येक जीव स्वतःभोवती चुनखडीचं घर बांधतो आणि पिढ्यानपिढ्या घरावर घर चढतं. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. ती उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. रंगही बराचसा त्यांचाच. म्हणून पोवळ्याला स्वच्छ, उथळ, उजेडाचं पाणी लागतं. पाण्याचं तापमान नेहमीच्या उन्हाळी पातळीपेक्षा एखाद अंश जरी वाढून काही आठवडे तसंच राहिलं, तरी ही भागीदारी तुटते, शैवालं निघून जातात आणि पोवळं पांढरंफटक पडतं. १९९८ साली हे जगभर घडलं. २०२३ पासून सुरू झालेली जागतिक लाट चौथी गणली जाते. २०२४ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांना तिचा मोठा तडाखा बसला.

मालवणला जाताना मनात लक्षद्वीपची चित्रं ठेवू नयेत. लक्षद्वीपची बेटं प्रवाळांनीच घडवलेली आहेत, आणि तिथल्या खाजणाचं पाणी निळं, शांत, पारदर्शक असतं. तिकडे जायला आपल्याला प्रवेश परवाना काढावा लागतो. मालवणला पोवळी आहेत ती सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर, तुकड्यातुकड्यांनी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत पोवळ्यांची नोंद प्रसिद्ध केली, तीत मालवण आहे. इथे फांद्याफांद्यांची झुडपं कमी आणि गोलसर, चपटे गोळे जास्त. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, समुद्र खवळतो, पाणी महिनोन्महिने गढूळ राहतं. अशा पाण्यात ठेंगणी, घट्ट पोवळीच टिकतात. त्यांची वाढ वर्षाला जेमतेम एखाद सेंटिमीटर. परातीएवढा गोळा दिसला तर त्याचं वय आपल्या आजोबांच्या पंक्तीतलं धरावं. फिन्सच्या एका फटक्यात त्याच्यावरचा जिवंत थर खरवडला जातो.

या भागाला १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित केलं गेलं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातला गाभा सव्वातीन चौरस किलोमीटरहून थोडा कमी. कठीण पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत, म्हणजे कायद्याने वाघाच्या बरोबरीला. आठवण म्हणून एक तुकडा खिशात घालणं हा गुन्हा ठरतो, तो मेलेला असला तरी. याहून मोठं प्रवाळक्षेत्रही महाराष्ट्राच्या समोर आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून जास्त किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया बँक. पण त्याचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे. नळी आणि स्कूटर घेऊन जाणाऱ्यासाठी ते नाही.

पोवळ्यांवरून स्कूटर नेताना मी एक माप सांगतो. पोटाखाली आपल्या उंचीएवढं पाणी असलं पाहिजे. त्याहून उथळ जागी बटण सोडायचं आणि वाहत जायचं. याचं कारण पंख्याचा झोत. तो मागे आणि खाली गेला की तळाची वाळू उठते आणि पोवळ्यांवर बसते. वाळू झटकायला त्या जीवाला अंगातून चिकट स्राव सोडावा लागतो, त्यात त्याची ताकद जाते. दिवसात एक माणूस हे करून गेला तर चालून जाईल. हंगामात रोज दहा-दहा बोटी येतात. याच कारणाने मास्क नीट करायला, नळीतलं पाणी काढायला खडकावर उभं राहायचं नाही. अंग उताणं करायचं, जॅकेटवर तरंगायचं, काम उरकायचं. आणि माशांना पाव टाकायला सांगायचं नाही. पावाभोवती मासे गोळा होतात, फोटो चांगला येतो. पण पावाला सवकलेले मासे आपलं नेहमीचं काम सोडतात, आणि त्या कामात खडकावरचं शेवाळ खाऊन पोवळ्यांना जागा मोकळी ठेवणंही येतं.

वाटाड्याशिवाय यातलं काही करू नये. मालवणचे वाटाडे बहुतेक तिथल्याच मच्छीमार घरांतले असतात. खडक कुठे वर येतो, ओहोटीला पाणी कुठून ओढतं, कोणत्या वाऱ्याला पाणी गढूळ होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. चांगला वाटाडा बोट सुटण्याआधी चार गोष्टी विचारतो. पोहता येतं का, दमा आहे का, हृदयाचा त्रास, फिट, कानाचं दुखणं, सर्दी, ताई, दिवस गेलेत का. विचारणाऱ्यावर चिडू नये, आणि खोटंही सांगू नये. नंतर तो उथळ पाण्यात प्रत्येकाचा श्वास बघतो, एकेकाला स्कूटर धरून थोडं नेतो, सोडायला लावतो. हे केल्याशिवाय कोणी थेट खोलात नेत असेल तर नम्रपणे नाही म्हणून बोटीतच बसावं.

पाण्यात बोलता येत नाही म्हणून खुणा आधी ठरतात. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की सगळं ठीक. पंजा आडवा धरून डुलवला की काहीतरी बिघडलंय. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ नाही, ‘वर चला’ असा आहे, आणि आपली मंडळी हमखास इथे गोंधळ करतात. वरून बोटीला दाखवायचं असेल तर डोक्यावर मूठ म्हणजे ठीक, हात उंचावून हलवला म्हणजे मदत हवी. एक वाटाडा पुढे, एक सगळ्यात मागे, आणि थोड्या अंतरावर बोट. बोटीचं इंजिन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत शिडीजवळ जायचं नाही.

अंतराचा नियमही पक्का हवा. बॅटरीचा एक भाग जायला, एक यायला, एक राखून. ताशी ३ किलोमीटरने पाऊण तास चालणारं यंत्र एकूण सव्वादोन किलोमीटर नेईल, म्हणून जायचं जास्तीत जास्त पाऊण किलोमीटर. मी तर म्हणेन त्याहूनही कमी. यंत्र मध्येच बंद पडलं तर नुसत्या फिन्सवर परत येता येईल एवढंच. जाताना पाण्याच्या ओढीविरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर परतताना ओढ आपल्या बाजूची असते. पाणी ताशी दोन किलोमीटरने वाहत असेल तर पायांनी त्याच्याविरुद्ध जाणं बहुतेकांना जमत नाही. स्कूटर जाऊ शकते, आणि म्हणूनच ती फसवते. ती चालू आहे तोवर ओढ जाणवतच नाही.

बुडी मारण्याचा मोह इथे सगळ्यात वाईट. अंगावर लाइफ जॅकेट असेल तर बुडी मारता येतच नाही, आणि नव्याने येणाऱ्याने ते काढू नये. ज्यांना खाली जायचा सराव आहे त्यांनीही लक्षात ठेवावं की स्कूटर पायांपेक्षा फार लवकर खाली नेते. दोन मीटर गेलं तरी कानाच्या पडद्यावरचा दाब पाचव्या हिश्शाने वाढतो. दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकून कान मोकळे करावे लागतात, आणि दोन्ही हात यंत्राला गुंतलेले असताना ते राहून जातं. विहिरीत जास्त वेळ बुडी टिकावी म्हणून पोरं आधी भराभर श्वास घेतात, तेही इथे घातक आहे. भराभर श्वासाने प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो. आणि वर जायची हाक शरीराला तोच देतो. हाक उशिरा येते, त्याआधी शुद्ध जाते. पाण्यात शुद्ध जाताना आवाज होत नाही.

लाइफ जॅकेट बोटीत चढल्यापासून बोटीतून उतरेपर्यंत अंगावर असावं, नुसतं पाण्यात उतरण्यापुरतं नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. तेव्हा हंगाम संपत आला होता. मेच्या अखेरीस वारा फिरतो, लाटा वाढतात. पुढे ऑगस्टअखेरपर्यंत हे पर्यटन बंदच असतं. पाणी सगळ्यात नितळ असतं ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी वारा सुटायच्या आधी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जास्त. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, ती कमी. पंचांग आपल्या घरात असतंच, जायची तारीख ठरवताना ते एकदा बघावं. पाठीवर ऊन लागू नये म्हणून क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा टी-शर्ट बरा. काही क्रीममधल्या द्रव्यांनी पोवळ्यांना अपाय होतो. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली आहे.

बोट धक्क्याला लागल्यावर यंत्राकडे बघायला मिळालं तर थांबून बघावं. आधी ते गोड्या पाण्यात बुडवून पंखा क्षणभर फिरवतात, म्हणजे आतलं मीठ आणि वाळू निघते. पुसून कोरडं केल्यावरच बॅटरीचं झाकण उघडतात. झाकणाच्या खाचेत रबराचं एक बारीक कडं असतं. ते बोटाने बाहेर काढून, उजेडाला धरून, गोल फिरवत तपासतात. एखादी चीर, एखादा वाळूचा कण, एक केस जरी त्याच्यावर राहिला तरी पुढच्या फेरीत तिथून पाणी आत शिरतं. खाच फडक्याने पुसायची, कड्याला सिलिकॉनच्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा, बोटाला चमक दिसेल इतकाच, आणि ते पीळ न पडता परत बसवायचं. बॅटरी सावलीत थंड होऊ द्यायची, मग चार्जिंगला लावायची. वाटाडा निवडताना मी दरपत्रकाच्या आधी हे काम बघेन. ते रबराचं कडं जो रोज उजेडाला धरून बघतो, तो पाण्यातल्या आपल्या श्वासाकडेही लक्ष ठेवेल असा माझा भरवसा आहे.